एक हिसका मागच्याचा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे गाडीच्या टपावरनं दोर टाकायचं. संध्याकाळी साडेपाचचा सुमार. उचगावात आमच्या दारात ट्रॅक्स उभी, टपावर कॉलेजच्या पोरींच्या दोन होड्या. सकाळी त्या घेऊन पुण्याला जायचं होतं, पोरींच्या शर्यती होत्या. मी गाडीच्या ह्या अंगाला, बायको त्या अंगाला. मी "घे" म्हणून दोर वरनं फेकायचा, तिच्या हातात पडला की तिनं "आला" म्हणायचं. मधे गाडी, वर होड्या, त्यामुळं एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. नुसता आवाज.

"आला," ती म्हणाली. दोर खालच्या कडीत अडकवून तिनं गाठ मारली आणि दोन हिसके दिले. दर हिसक्याला गाडी तिच्याकडं जराशी कलली.

"तुमच्या बाजूचा वढला काय?"

"वढलाय की."

"एकदाच वढलासा. मला हिकडं कळतंय. एक हिसका आपला झाला, मागच्याचा ऱ्हायला."

मी कंटाळलो होतो. सकाळपासनं हुपरीच्या चार फेऱ्या मारल्या होत्या. दोराला हातसुद्धा न लावता म्हणालो, "घे, वढला."

"बरं," ती म्हणाली. "डावा हात भरून आलाय बघा. च्या टाकतो."

इतक्या वर्षांत असल्या थापेला ती कधी फसली नव्हती. त्या दिवशी फसली, का कळूनही गप बसली, ते मला अजून समजलेलं नाही.

चहा उतू जाऊन करपल्याचा वास आला म्हणून आत गेलो. ती ओट्याला टेकून खाली बसली होती, हातात सांडशी तशीच. शेजाऱ्यांनी हात लावला, मागच्या बाकावर झोपवली आणि मी गाडी दवाखान्याकडं काढली. होड्या सोडायला वेळ कुठला. रस्त्याकडेची माणसं टपाकडं बघून हसत होती. मला मात्र दर खड्ड्याला माझ्या बाजूचा दोर वाजल्यासारखा वाटत होता, आणि आरशात मागच्या बाकाकडं बघायचं धाडस होत नव्हतं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेली.

तिच्याबद्दल सांगायचं तर आधी हे सांगितलं पाहिजे, की ती कुठल्याही गाडीत उलटी बसायची. लग्न होऊन बैलगाडीतनं आमच्या घरी आली तीसुद्धा बैलांकडं पाठ करून. आमची आई म्हणाली, "पोरगी माघारी बघतीया. टिकायची न्हाय." टिकली. एस्टीत उलटं बाक नसतं, तर ही मांडी वळवून मागच्या माणसाच्या तोंडासमोर तोंड करून बसायची. एकदा जयसिंगपूरला लेकीकडं निघालो होतो. मागच्या सीटवर एक म्हातारा होता. हातकणंगल्यापर्यंत त्यानं सोसलं, मग म्हणाला, "बाई, माझं काय चुकलं काय?"

"तुमचं काय न्हाई मामा. तुमच्या मागची काच बघतोय मी," ती म्हणाली.

आमच्याकडं बायकाही आलो, गेलोच म्हणतात. ती तर भांडतानासुद्धा गड्यासारखी भांडायची.

उलटं बसायचं कारण मला तिनं लग्नानंतर महिनाभरानं सांगितलं. तिचं माहेर शिरोळकडं, कृष्णेच्या काठाला. बापाचं गुऱ्हाळ. गुऱ्हाळावर उसाचा रस उकळायची जी मोठी कढई असते ती काहील. महापुरात गावाला नाव पुरत नाही तेव्हा लोक काहील पाण्यात सोडतात आणि तिच्यात बसून पलीकडं जातात. ही दहा वर्षांची असताना बापानं तिला तसं नेलं.

"काहिलीला ना तोंड ना शेपूट," ती म्हणाली. "पाण्यात पडली की गरागरा फिरती. माझ्या पोटात ढवळाय लागलं. काठावर आई हुबी हुती. ती जागची हललीच न्हाय. काहील फिरंल तशी मी मान फिरवायचो आणि आईकडं बघायचो. मग पोटातलं थांबलं. जे हलत न्हाय त्याच्याकडं बघितलं की घेरी येत न्हाय बघा."

तेव्हापासनं ती मागं बघत आली.

दुसरी खोड लोंबकळायची. वस्तू घ्यायच्या आधी तिला ओढून, हिसकून, लोंबकळून बघायची. बादली घ्यायची तर दुकानदाराचंच पाच किलोचं वजन तिच्यात टाकून कडी धरून झुलवायची. कपडे वाळत घालायची तार मी बांधली, तर आधी स्वतः लोंबकळली, तार सुटली, ही खाली आपटली आणि बसल्या जागेवरनं म्हणाली, "बघा, माझी लुगडी पडली असती." मला ह्या गोष्टीची लाज वाटायची. बाजारात तिच्यापासनं दहा पावलं लांब चालायचो मी.

माझा धंदा वडापचा. कोल्हापूर ते हुपरी माणसं भरायची आणि सोडायची. गाडी नवी घेतली त्याच्या दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या खेळाच्या मॅडम स्टँडवर आल्या. म्हणाल्या, "मामा, आमच्या मुलींच्या दोन कयाक आहेत. राजाराम तलावावरून सांगलीला न्यायच्या, कृष्णेत सराव आहे. टपावरून न्याल का?"

मला ऐकू आलं काहील. मनात म्हटलं, कॉलेजात आता गूळ काढायला शिकवतात की काय. घरी येऊन सांगितलं, "पोरींच्या दोन काहिली न्यायच्या हाईत." बायकोचं तोंड उतरलं. "पोरींना काहिलीत बसवणार?" म्हणाली, आणि त्या दिवशी नीट जेवली नाही.

तलावावर जाऊन बघतो तर शेवग्याच्या शेंगेसारख्या दोन होड्या, निमुळत्या, गाडीपेक्षा लांब, आणि वजनाला इतक्या हलक्या की दोन पोरींनी डोक्यावर धरून आणल्या. तरी आमच्या घरात त्यांचं नाव काहीलच पडलं. "उद्या काहिली हाईत," एवढं म्हटलं की तिला कळायचं.

कॅरिअर निवडायची वेळ आली तिथं मी चूक केली. वडापच्या गाडीला माझ्याकडं कॅरिअर नव्हतं. उद्यमनगरात एका दुकानात दुसऱ्या जीपवरनं काढलेलं तयार मिळालं. टपाच्या दोन्ही कडांना पावसाचं पाणी जायला पन्हाळ असते, तिला चिमट्यासारखे पाय आवळून बसवायचं. दुकानदारानं गाडीवर चढवून दाखवलं. ही पुढं झाली, कॅरिअरचा पुढचा पाईप धरला आणि पाय वर घेऊन लोंबकळली. पायाजवळ कुईं असा आवाज आला.

"ह्यो पाय बोलतोय," ती म्हणाली.

दुकानातले सगळे हसले. एकजण म्हणाला, "पावणं, वैनींना सर्कशीतनं आणलंय काय?"

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. "खाली हो. गप," म्हणालो, आणि दहा जणांच्या देखत तेच कॅरिअर घेतलं.

सांगलीला जाताना मॅडम माझ्याशेजारी पुढं. मागं सहा पोरी, आणि ही मागच्या दाराच्या काचेला तोंड लावून. तिला न्यायचं काही कारण नव्हतं. पण पोरी पाण्यात उतरणार म्हटल्यावर ती घरात बसेना. काचेतनं तिला वरच्या होडीचं शेपूट तेवढं दिसत होतं.

जयसिंगपूरच्या अलीकडं टपावर दोन थापा पडल्या. मला वाटलं पोरींची मस्ती चाललीय. परत दोन थापा, आणि तिची हाक, "थांबवा. हळू थांबवा."

पन्हाळीतनं पुढचा पाय सुटला होता. वाऱ्यानं कॅरिअर फिरलं आणि होडीचं शेपूट रस्त्यावर आडवं सरकत गेलं. मागनं एक दूधवाला एम-ऐटीवर कॅन लावून ओलांडायला बाजूनं आलेला. शेपूट त्याच्या मानेसमोरनं गेलं. वीतभर अंतर असेल. तो वाकला, गाडी घसरली, माणूस उसात आणि दूध रस्त्यावर.

तो उठला. गुडघा सोलवटला होता, बाकी काही नाही. तो ओरडला नाही की शिवी दिली नाही. होडीकडं बघितलं, स्वतःच्या मानेला हात लावून बघितला आणि मला म्हणाला, "पावणं, मान माझी, होडी तुमची. दोनी जाग्यावर ऱ्हाऊ द्या की."

ओरडला असता तर बरं झालं असतं. बायको पदरानं त्याच्या शर्टावरचं दूध पुसत राहिली. घरी आल्यावर आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "मला त्याची मान दिसती."

मग मलाही दिसायला लागली. वडाप चालवताना मागं कुणी मोटरसायकलवाला आला की माझी नजर आरशात त्याच्या कॉलरवर जायची. टपावर नुसती कांद्याची दोन पोती असली तरी खड्ड्याला गाडी हळू घ्यायचो. वीस वर्षं गाडी चालवली, मागच्या माणसाचा असा कधी विचार केला नव्हता. गाडीवाला पुढं बघतो. मागचं त्याला वाटतं दुसऱ्याचं.

"मॅडमला न्हाय म्हणून सांगा," मी म्हणालो.

"मग त्या दुसरी गाडी करतील. त्यो गाडीवाला रबरानं बांधंल," ती म्हणाली. "नेणार तर आपणच नेऊ. पण कॅरिअर मी बघणार. तुमी यायचं न्हाय."

सामान बांधायचे रबरी हुक मिळतात ना, त्यांच्यावर तिचा भारी राग. म्हणायची, "रबर ताणलं की व्हय म्हणतंय, खड्ड्यात गेलं की न्हाय म्हणतंय." तिला सुती दोर लागायचा, बैलाच्या कासऱ्यासारखा. त्याला दोन हिसके द्यायचे हे तेव्हाच सुरू झालं. एक आपला, एक मागच्याचा.

ती एकटीच उद्यमनगरात गेली, एक म्हातारा वेल्डिंगवाला मिस्त्री गाठला आणि सांगून आली, ट्रॅक्सच्या टपावर काहील बसंल असं भक्कम कॅरिअर करा. चार दिवसांनी आम्ही गाडी घेऊन गेलो. मिस्त्रीनं काम उभं करून ठेवलं होतं. चार जाड पायांची चौकट, आणि तिच्यावर साडेचार फुटांचं गोल रिंगण. भोवतीनं बघे जमलेले.

"हे काय?" मी म्हणालो.

"काहिलीचं बूड," मिस्त्री म्हणाला. "अशी बसंल की घाटातबी हलायची न्हाय."

बायको तोंडाला पदर लावून उभी. "मिस्त्री, आमच्या काहिली लांबड्या हाईत," ती म्हणाली.

"लांबडी काहील?" मिस्त्रीनं चष्मा वर केला. "वैनी, तुमी गूळ काय रुळासारखा काढतासा?"

सगळं उद्यमनगर हसलं म्हणायला हरकत नाही. मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी. ती मात्र हसता हसता थांबली. रिंगणाभोवतीनं एक फेरी मारली, वाकाच्या आतल्या बाजूनं हात फिरवला, मग त्या वाकात पोटरी बसवून बघितली.

"मिस्त्री, ह्याचं दोन दोन फुटाचं चार तुकडं करा."

"चांगलं रिंगण मोडू?"

"मोडा. होडीचं पोटबी असंच वाकडं हाय. सपाट पाईपवर ते डुगडुगतंय. एका होडीला दोन तुकडं, एक म्होरं, एक मागं. पोट त्यात बसलं पायजे, पाळण्यात बसल्यागत."

मिस्त्रीनं चष्मा खाली घेतला. खडू घेऊन त्यानं रिंगणावर खुणा केल्या, कापलं, यू-बोल्टनं चौकटीला आवळलं. होड्यांना ओरखडे नकोत म्हणून तिनं त्या चारही कमानींना सायकलच्या जुन्या ट्यूबा गुंडाळल्या. "रबराला एवढंच काम," म्हणाली. मग लोंबकळली. मग मिस्त्रीला लोंबकळायला लावलं. मग माझ्याकडं बघितलं. दहा जणांच्या देखत मीही लोंबकळलो. एकही पाय बोलला नाही.

त्या कॅरिअरनं आम्ही पुढं किती तलाव आणि नद्या बघितल्या. पण तिची काळजी कमी झाली असं नाही. होडीच्या शेपटाला तिच्या लाल लुगड्याचा तुकडा बांधायची, तोसुद्धा काठ शिवून. दर दहा-बारा मैलांवर टपावर दोन थापा. थांबायचं, उतरायचं, दोर बघायचा. जयसिंगपूरच्या अलीकडं त्या उसाजवळ तर थांबायचंच. तो दूधवाला कधी भेटला तर आधी त्याच्या मानेकडं बघायची, मग विचारायची, "बरं हाय न्हवं?" तो म्हणायचा, "हाय की जाग्यावर."

पोरी दरवर्षी बदलायच्या. नव्या आल्या की जुन्या त्यांना सांगायच्या, ह्या मागल्या काकू. पाण्यात होडी पालथी झाली तर कसं सुटायचं ते मॅडम शिकवायच्या, दोराला दोन हिसके कसे द्यायचे ते ही शिकवायची. पोरी पाण्यात असेपर्यंत काठावर उभी राहायची. बसायची नाही की जागा बदलायची नाही. उन्हात असली तरी सावलीत यायची नाही. मी म्हणायचो, "खुळी हाईस काय?" ती म्हणायची, "कुणाला फिरल्यागत झालं तर बघायला कायतरी नगं?"

मी तिला खुळी पुष्कळदा म्हणालो. ते आता माघारी घेता येत नाही.

ती गेली त्याच रात्री सगळं उरकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मॅडम आल्या. त्यांनी स्टँडवरची दुसरी ट्रॅक्स ठरवून आणली होती. दारात उभ्या राहून रडल्या आणि म्हणाल्या, "मामा, तुम्ही बसा. ड्रायव्हर होड्या उतरवून घेईल." पोरी भिंतीकडंला उभ्या, कुणी वर बघेना.

त्या गाडीच्या टपावर सपाट कॅरिअर होतं. आत सीटवर रबरी हुकांची जुडी पडलेली मला दिसली.

मी पाना घेतला. घरात बायका बसल्या होत्या. लेक मागनं दारात आली. "आप्पा, आज तरी नगं. लोकं काय म्हणतील?"

"लोकं त्या गाडीच्या मागनं जाणार हाईत," मी म्हणालो. "त्यांचंच बघाय चाललोय."

माझ्या गाडीवरच्या होड्यांचे दोर सोडले. तिच्या बाजूची गाठ सोडायला वेळ लागला. माझ्या बाजूची लगेच सुटली, बोटानं. तशीच तिला दवाखान्यापर्यंत नेली होती. यू-बोल्ट काढून चारही कमानी उतरवल्या आणि दुसऱ्या गाडीच्या कॅरिअरला आवळल्या. पाईप धरून लोंबकळून बघितलं. कुणी हसलं नाही. पोरींनी होड्या उचलून वर दिल्या, पोटं कमानीत बसली.

मी गाडीच्या ह्या अंगाला आलो, दोर हातात घेतला.

"घे," मी म्हणालो, आणि फेकला.

दोर होड्यांवरनं सरसरत पलीकडं गेला आणि खाली मातीत पडला. पलीकडनं काही आवाज आला नाही. ड्रायव्हर त्याच बाजूला उभा होता, पण त्यानं नुकतीच गाडीला नवीन लिंबू-मिरची बांधली होती, उदबत्ती लावली होती. लांबचा प्रवास, आणि सुतकातल्या माणसानं फेकलेला दोर. तो दोन पावलं मागं सरकला होता. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. कालपर्यंत मीही सरकलो असतो.

मी गाडीला वळसा घालून गेलो. दोर उचलला. कडीत घातला, गाठ मारली, हिसका दिला. मग परत एक दिला. परत ह्या बाजूला आलो आणि इकडंही दोन दिले. आदल्या दिवशीचा राहिलेला धरून तीन.

"मॅडम, मागं कोण बसणार?" मी विचारलं.

लांब वेणीची एक पोरगी मागच्या बाकावर चढली आणि दाराच्या काचेकडं तोंड करून बसली. मी तिला म्हणालो, "शेपटाचा लाल तुकडा दिसतोय न्हवं? त्यो हलंल तेवढा हलू दे. वाकडा झाला तर टपावर..."

"दोन थापा," ती म्हणाली.

गाडी सुरू झाली. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. पोरगी काचेतनं माझ्याकडं बघत होती. मागनं लेकीनं हाक मारली, "आप्पा, चला की आत आता." मी तिला हातानं थांब म्हटलं, मान वळवली नाही. गाडी मोठ्या रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत मी जागचा हललो नाही.